जोडीदाराच्या लाभातून सरकारी पेन्शनची वजावट: एका अमेरिकी नियमाची पार्श्वभूमी

अमेरिकेत १९३५ साली सोशल सिक्युरिटी कायदा झाला; पगारातून कापल्या जाणाऱ्या करावर चालणारी ही केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना. तेव्हा निवृत्तिवेतन फक्त स्वतः नोकरी करणाऱ्यालाच मिळणार होते; पत्नी, विधवा आणि मुले यांच्यासाठीची तरतूद १९३९च्या दुरुस्तीने आली. राज्यांचे आणि स्थानिक संस्थांचे कर्मचारी योजनेबाहेर होते. १९५०च्या दशकात राज्यांना सामील होण्याची मुभा मिळाली, तरी टेक्सास, कॅलिफोर्निया, ओहायो अशा राज्यांतील बहुतेक शिक्षक आजही केवळ राज्याच्या पेन्शन निधीत वर्गणी भरतात.

जोडीदाराच्या नावावरचा लाभ हा अवलंबून असणाऱ्यासाठी आहे, असे कायद्याने धरले होते. त्यामुळे स्वतःची सोशल सिक्युरिटी असलेल्या विधवेच्या लाभातून तेवढी रक्कम पूर्ण वजा होई. सरकारी पेन्शन मात्र या हिशेबात येत नसे. पुरुषांना तर आपला किमान निम्मा खर्च पत्नीच्या कमाईतून भागत होता, हे सिद्ध करावे लागे. ही अट ‘कॅलिफानो विरुद्ध गोल्डफार्ब’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७७मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. हॅना गोल्डफार्ब यांनी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत सचिव म्हणून सुमारे २५ वर्षे काम करून पुरुषांइतकाच कर भरला होता, तरी त्यांच्या पश्चात पतीला लाभ नाकारला गेला होता. पतीची बाजू वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी मांडली.

निकालानंतर सरकारी पेन्शन घेणारे असंख्य पुरुषही लाभ मागतील, ही काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, चिंता होती. म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘गव्हर्न्मेंट पेन्शन ऑफसेट’ आणून पेन्शनची सगळी रक्कम जोडीदाराच्या लाभातून वजा करण्याचे ठरले. १९८३मध्ये ही वजावट दोन तृतीयांशांवर आली. १,२०० डॉलर पेन्शन असलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या ९०० डॉलरच्या विधवा लाभातून ८०० कापले जात आणि हाती १०० उरत.

समानतेच्या निकालातून जन्मलेल्या या नियमाचा भार पुढे मुख्यतः स्त्रियांवरच पडला, ही मला यातली सर्वांत खुपणारी बाब वाटते. जोडीदारावर अवलंबून नसणाऱ्याचा लाभ कमी करण्याचे तत्त्व चुकीचे नव्हते. पण सर्वांना सरसकट लावलेला दोन तृतीयांशांचा दर कोणाच्याही प्रत्यक्ष परिस्थितीशी जुळवलेला नव्हता. एक पळवाटही होती: सोशल सिक्युरिटी लागू असलेल्या सरकारी पदावर नोकरीचा शेवटचा एकच दिवस भरला तरी वजावट टळे. टेक्सासमध्ये शिक्षक त्यासाठी एक दिवस सफाईकाम करत. २००४च्या कायद्याने एका दिवसाऐवजी ६० महिन्यांची अट घातली.

अखेर डिसेंबर २०२४मध्ये सिनेटने ७६ विरुद्ध २० मतांनी ‘सोशल सिक्युरिटी फेअरनेस अॅक्ट’ संमत केला आणि ५ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली. जानेवारी २०२४पासूनच्या लाभांना ही वजावट लागू नाही. मात्र हाती काहीच येणार नाही म्हणून ज्यांनी पूर्वी अर्जच केला नव्हता, त्यांना आता नव्याने अर्ज करावा लागतो.