सहा महिन्यांनी मऊ होणारे बिस्किट

गेल्या नाताळात न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मुलीच्या शाळेतील कार्यक्रमासाठी ‘१७९६ सालच्या’ ख्रिसमस कुकी भाजल्या आणि त्यांचे छायाचित्र पाठवताना खाली लिहिले, “बघ, त्या काळी कसलेही केमिकल नव्हते, तरी किती हलक्या आणि मऊ झाल्या आहेत!” या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या काळी केमिकल होते, आणि ते नीट वापरले असते तर तिच्या कुकी मऊ झाल्या नसत्या. तिने वापरलेल्या आजच्या पाककृतीत जुन्या कृतीतील एक जिन्नस बदलून त्याजागी ‘बेकिंग सोडा’ लिहिलेला होता, आणि एवढ्या एका बदलामुळे तिने भाजलेला पदार्थ मूळ पदार्थाहून पार वेगळा झाला होता.

मूळ कृती ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकातील आहे. कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे १७९६ साली छापले गेलेले हे अवघे ४७ पानांचे पुस्तक अमेरिकन लेखिकेने लिहिलेले आणि अमेरिकेतच छापलेले पहिले पाककृतींचे पुस्तक मानले जाते. लेखिका अमेलिया सिमन्स मुखपृष्ठावर स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी करून देते. ख्रिसमस कुकीची तिची कृती चारपाच ओळींत संपते. तीन पौंड मैद्यात चहाचा एक पेला धणेपूड भुरभुरावी, एक पौंड लोणी आणि दीड पौंड साखर चोळून घालावी, पेलाभर दुधात तीन चहाचे चमचे ‘पर्लअ‍ॅश’ विरघळवून त्यात सारे मळावे, पाऊण इंच जाड लाटून कापावे आणि मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे भाजावे. आपल्याकडील वाचकाला धणेपूड पाहून गंमत वाटेल, परंतु मला खिळवून ठेवले ते शेवटच्या सूचनेने. ही बिस्किटे आरंभी कडक आणि कोरडी लागली तरी मातीच्या भांड्यात घालून दमट खोलीत ठेवली तर सहा महिन्यांनी अधिक मऊ आणि चांगली होतात, असे ती सांगते. आपल्या अनुभवाप्रमाणे बिस्किट दमट हवेत सादळते आणि टाकून द्यावे लागते. येथे मात्र सादळणे हीच कृतीची शेवटची पायरी आहे.

पर्लअ‍ॅश म्हणजे पोटॅशिअम कार्बोनेट. जंगल तोडून शेती वसवणारे अमेरिकन शेतकरी तोडलेली झाडे जाळत, ती राख पिंपात भरून तिच्यातून पाणी झिरपवत आणि हे राखेचे पाणी लोखंडी भांड्यांत आटवत. अंडे त्या पाण्यावर तरंगले की ते पुरेसे तीव्र झाले, अशी परीक्षा होती. भांड्याच्या तळाशी उरणारा काळपट खार म्हणजे ‘पॉट-अ‍ॅश’, भांड्यातील राख. पुढे १८०७ साली हम्फ्री डेव्ही या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने त्यापासून बनवलेल्या पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमधून विजेच्या साहाय्याने जो धातू वेगळा केला त्याला पोटॅशिअम हे नाव या भांड्यावरूनच मिळाले. हाच खार भट्टीत तापवला की त्यातील कोळशाचे कण जळून जातात आणि तो मोत्यासारखा पांढरा होतो, म्हणून पर्लअ‍ॅश. काच, साबण आणि लोकर धुण्याच्या उद्योगांत त्याला एवढी मागणी होती की अमेरिकेने दिलेले पहिलेच पेटंट, ३१ जुलै १७९० रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सहीने सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालेले, पॉटअ‍ॅश आणि पर्लअ‍ॅश तयार करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी होते. म्हणजे ज्याला आपण ‘शुद्ध, जुने, नैसर्गिक’ बिस्किट म्हणतो त्यात देशाच्या पहिल्या पेटंटचा विषय असलेले औद्योगिक रसायन चमच्याने मोजून घातलेले आहे. हेच रसायन आज झटपट नूडल्सच्या पाकिटावर ‘५०१’ या क्रमांकाने छापले जाते, आणि तो आकडा पाहून दचकणारी मंडळी आजीच्या पापडातील पापडखाराला मात्र काही म्हणत नाहीत. अल्कधर्मी पाण्याने रक्त ‘शुद्ध’ होते असे सांगून महागडी यंत्रे विकणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे. ते पाणी जठरातील आम्लात पडले की त्याचा अल्कधर्म तेथेच संपतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पर्लअ‍ॅश आणि खाण्याचा सोडा या दोहोंतून शेवटी कार्बन डायऑक्साइड वायूच मिळतो, मग एकाच्या जागी दुसरा घातला तर काय बिघडते? बिघडते ते पायऱ्यांच्या संख्येमुळे. खाण्याचा सोडा हा बायकार्बोनेट आहे. त्याच्या एका कणाला आम्लाचा एक हायड्रोजन आयन मिळाला की लगेच वायूचा एक रेणू सुटतो. पर्लअ‍ॅश हा कार्बोनेट आहे. त्याला मिळालेल्या पहिल्या हायड्रोजन आयनाने तो केवळ बायकार्बोनेट होतो आणि वायूचा एकही बुडबुडा निघत नाही; दुसरा आयन मिळाला तरच वायू सुटतो. शिवाय जोवर मिश्रणात कार्बोनेट शिल्लक आहे तोवर येणारा प्रत्येक हायड्रोजन आयन बहुतांशी तोच पटकावतो, कारण आम्लाची त्याची ओढ बायकार्बोनेटपेक्षा कित्येक हजार पटींनी अधिक असते. म्हणजे आम्ल कमी पडले तर अर्ध्या पर्लअ‍ॅशचा वायू होऊन अर्धे उरते असे घडत नाही. जवळजवळ सगळे आम्ल पहिल्याच पायरीवर खर्च होते आणि वायू निघतच नाही. दुसरा फरक उष्णतेचा. सोडा ओव्हनमध्ये नुसता तापला तरी आपला अर्धा वायू आम्लाविना सोडून देतो. पोटॅशिअम कार्बोनेट मात्र ८९१ अंश सेल्सिअसला वितळते. बिस्किटाच्या भट्टीचे त्याला काहीच वाटत नाही.

सिमन्सबाईंच्या कृतीला हे गणित लावून पाहू. तेव्हाचा चहाचा चमचा आजच्यापेक्षा लहान, सुमारे ३.७ मिलिलिटरचा होता, म्हणून तीन चमचे पर्लअ‍ॅश साधारण १० ग्रॅम धरू. त्याचा सगळा वायू सोडवायला सुमारे १३ ग्रॅम लॅक्टिक आम्ल, म्हणजे नासलेल्या दुधातील आम्ल, लागेल आणि केवळ पहिली पायरी ओलांडायलाच साडेसहा ग्रॅम. दूध पुरते नासलेले आहे आणि त्यात एक टक्का आम्ल आहे असे मानले तरी छोट्या पेल्यातून सव्वा ग्रॅमच मिळते. मैद्यातील आम्ल उदारपणे मोजले तर आणखी दीड ग्रॅमच्या आतबाहेर. एकूण पावणेतीन ग्रॅमच्या आसपासच भरते, म्हणजे पहिली पायरीही निम्म्याहून अधिक अपुरी राहते. जे थोडे बायकार्बोनेट तयार होते ते भट्टीत तापून फार तर एक तृतीयांश लिटर वायू देईल. त्याच कणकेत १० ग्रॅम सोडा घातला तर तेवढ्याच आम्लाने आणि त्याच उष्णतेने जवळपास पावणेदोन लिटर वायू मिळतो. हिशेब ढोबळ आहे, पण फरक पाचपटींचा आहे आणि एवढा फरक ढोबळपणात बुडत नाही.

ज्यांना रसायनशास्त्रातील ‘मोल’चा हिशेब शाळेतच सोडून आलो असे वाटते त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की या गणितानुसार मूळ कुकी फारशी फुगायलाच नको, ती कडक आणि कोरडी व्हायला हवी, आणि लेखिकाही नेमके तेच सांगते. तिची कृती ‘बिघडलेली’ नाही. सहा महिन्यांची सूचनाही याच हिशेबात बसते, कारण पोटॅशिअम कार्बोनेट हवेतील ओलावा इतक्या जोराने ओढून घेते की उघड्या बशीत ठेवलेल्या त्याच्या पुडीचे काही काळाने पाणी होते. बिस्किटात न वापरले गेलेले कार्बोनेट आणि भरपूर साखर असली म्हणजे दमट खोलीतील ओलावा हळूहळू आत शिरणे ओघाने आले. जर्मनीत मधाच्या मसालेदार नाताळी बिस्किटांसाठी पोटॅशच्या पुड्या आजही मिळतात आणि तीही डब्यात मुरत ठेवण्याची पद्धत आहे. सोड्याच्या कुकीला हे मुरणे साधत नाही, आणि मुळात मऊ झालेल्या कुकीला ते कोणी करू द्यायचे नाही.

याच पुस्तकातील मोलॅसिसच्या जिंजरब्रेडचे गणित मात्र निराळे आहे. मोलॅसिस, म्हणजे आपल्या साखर कारखान्यांच्या भाषेत मळी, उसातील अ‍ॅकोनिटिक आम्लामुळे आंबूस असते. चार पौंड मैद्यात एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ एक लिटर मोलॅसिस पडले की चार चमचे पर्लअ‍ॅशला दुसरी पायरी गाठण्याइतके आम्ल बऱ्यापैकी मिळते. येथे लेखिका आणखी एक विलक्षण गोष्ट सांगते: जितके अधिक मळाल तितका ब्रेड हलका आणि पांढरा होईल. हलका ठीक, पण काळ्या मोलॅसिसची कणीक मळून पांढरी कशी होईल? त्याचे कारण असे की कणकेत सुटणारा वायू स्वतः नवा बुडबुडा निर्माण करू शकत नाही. बुडबुडा जितका लहान तितका पृष्ठताणामुळे त्याच्या आतील दाब मोठा, त्यामुळे शून्यातून बुडबुडा जन्माला यायचा तर जवळजवळ अशक्य एवढा दाब लागेल. वायू शिरतो तो मळताना अडकलेल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांत, आणि त्याच फुगतात. या असंख्य पोकळ्या प्रकाश विखुरतात म्हणून कणीक फिकट दिसते. रेवडीचा पाक ओढून ओढून पांढरा होतो तो यामुळेच, आणि नानकटाईच्या कृतीत ‘तूप पांढरे होईपर्यंत फेसा’ असे लिहिलेले असते तेही यामुळेच. सिमन्सबाईंना पृष्ठताणाचे सूत्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचे डोळे मात्र कणकेवर होते.

जुन्या पुस्तकांवरून स्वयंपाक करताना इतरही खाचखळगे आहेतच. अमेरिकेचा पिंट ४७३ मिलिलिटरचा आणि १८२४ नंतरचा ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलिटरचा. लोणी ‘अंड्याएवढे’ घ्यायचे, आणि अंडे कोणत्या कोंबडीचे ते कोणी सांगत नाही. सपाट चमच्याचा आग्रह घरोघर रुजला तो १८९६ साली बोस्टनमध्ये फॅनी फार्मर यांचे पुस्तक आल्यावर. विटांची भट्टी आत जाळ करून तापवत, निखारे ओढून काढत आणि ती निवत जाताना आधी पाव व शेवटी नाजूक पदार्थ भाजत, त्यामुळे ‘मंद भट्टी’ म्हणजे एक तापमान नसून उतरत जाणारे तापमान असते. शिवाय पुस्तकात छापलेले सगळे त्या लेखिकेचेच असेल असेही नाही. सिमन्सबाईंनी सुझॅना कार्टर यांच्या इंग्लिश पुस्तकातून पुष्कळ मजकूर उचललेला आहे. पर्लअ‍ॅशच्या कृती मात्र त्यात नाहीत, म्हणूनच त्या मला अस्सल अमेरिकन वाटतात. आणि दक्षिणेकडील घराघरांत ज्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रत्यक्ष चूल सांभाळली त्यांचा आवाज छापून यायला बराच उशीर झाला. मलिंडा रसेल यांचे छोटे पुस्तक १८६६ चे आहे. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेले अ‍ॅबी फिशर यांचे पुस्तक त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतले, कारण गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते.

बहिणीशी वाद घालून झाल्यावर जानेवारीत मी पुण्यातील घरी मूळ कृतीच्या एक षष्ठांश प्रमाणाचे दोन घाणे केले, एक खाण्यायोग्य प्रतीच्या पोटॅशिअम कार्बोनेटचा आणि एक सोड्याचा. पहिल्या प्रयत्नात मी आळस करून कार्बोनेट दुधात न विरघळवता कोरडेच मैद्यात मिसळले. बिस्किटांवर पिवळे ठिपके आले आणि ठिपक्याच्या जागी जीभ लागताच साबणाची चव आली, जे स्वाभाविकच होते, कारण लोणी आणि तीव्र अल्कली एकत्र तापले तर दुसरे काय होणार! तो घाणा फेकला. दुसऱ्या वेळी विरघळवून घातले तेव्हा सोड्याची बिस्किटे दीडपट फुगली आणि पर्लअ‍ॅशची जेमतेम उचलली. ती अधिक तांबूस झाली, कारण अल्कधर्मी कणकेत साखर आणि प्रथिने यांची भाजणीतील अभिक्रिया लवकर होते. धण्याचा वास मात्र दोन्हीकडे सारखाच सुरेख होता. पर्लअ‍ॅशचे बिस्किट पहिल्या दिवशी चहात बुडवल्याशिवाय चावले जात नव्हते. ती बिस्किटे मी एका चिनी मातीच्या बरणीत भरली आणि पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्याने बरणीत पाण्याची एक छोटी वाटी ठेवली. एप्रिलच्या अखेरीस एक काढून पाहिले तेव्हा कडा अजून कडक होत्या, परंतु मधला भाग बोटाने दाबला तर दबत होता. सहा महिने जुलैत पूर्ण होतात. तोवर पाऊस आलेला असेल आणि वाटीची गरज उरणार नाही.