शेअर्ड मेमरी आधी कोणी मांडायची? एका जुन्या फटीची पार्श्वभूमी

दोन प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) एकदम सुरू होतात आणि दोघींना मेमरीचा तोच तुकडा हवा असतो. पहिली तो तयार करते, दुसरीला तो आयता मिळतो. पण आतले लॉक, काउंटर, तक्ते मांडून झालेत की नाहीत, हे दुसरीला कसं कळणार? गेली चाळीस वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे येतो आहे.

१९८३ च्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समधून शेअर्ड मेमरी आणि सेमाफोर (आत कोणी कधी जायचं हे ठरवणारा राखणदार) सर्वदूर पोचले. शेमगेट हा कॉल नवा तुकडा शून्यांनी भरून देतो, तिथे तक्रार नाही. अडचण राखणदाराचीच होती. सेमगेटने सेमाफोर बनवायचा आणि त्याची पहिली किंमत सेमसीटीएलने वेगळी भरायची. या दोन कॉलच्या मधे दुसरी प्रोसेस आली की तिच्या हाती किंमत न भरलेला सेमाफोर पडे. युनिक्सवरच्या पुस्तकांचे लेखक रिचर्ड स्टीव्हन्स यांनी पुस्तकातून मांडलेला तोडगा असा: सेमाफोरवर शेवटची क्रिया कधी झाली ही वेळ कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, 'सेम_ओटाइम'मध्ये ठेवतो आणि नव्या सेमाफोरची ती शून्य असते. बनवणारीने किंमत भरून एक सेमऑप (सेमाफोरवरची क्रिया) करायचा. बाकीच्यांनी ती वेळ शून्य असेपर्यंत थांबायचं. तोडगा चालतो, पण मूळ रचनेतली चूक प्रत्येक प्रोग्रामरने निस्तरायची हे मला आजही खटकतं.

पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणाच्या १९९३ च्या विस्तारात सेम_ओपन पहिली किंमत सोबतच घेऊ लागला आणि सेमाफोरपुरती फट बुजली. मेमरीची मात्र नव्याने उघडली. शेम_ओपन शून्य लांबीचा ऑब्जेक्ट देतो, लांबी एफट्रंकेटने नंतर वाढते. मधल्या काळात कोणी तो आपल्या मेमरीत जोडून (मॅप करून) आत हात घातला, तर सिगबस हा घातक सिग्नल येऊन प्रोसेस कोसळते. 'आधीच असेल तर नाकार' असं सांगणाऱ्या ओ_एक्सक्लने 'बनवणारी कोण' एवढंच ठरतं. काम संपलं का, हे नाही.

म्हणून 'तयार' असा झेंडा सर्वांत शेवटी लिहिण्याची पद्धत रुळली. नवी मेमरी शून्यच असल्याने शून्याचा अर्थ आपोआप 'अजून नाही'. पण कोडमध्ये शेवटी लिहिलेलं दुसऱ्या कोअरला शेवटीच दिसेल, याची हमी नसते. कंपायलर आणि प्रोसेसर क्रम बदलतात. सी भाषेत हा क्रम राखणारे रिलीज-अक्वायरचे नियम प्रमाणित झाले ते थेट २०११ मध्ये.

मांडणी अर्धवट असताना बनवणारीच मेली तर? झेंडा कधीच वर जात नाही, बाकीच्या ताटकळतात. पॉझिक्समध्ये २००८ साली आलेला रोबस्ट म्यूटेक्स (एका प्रकारचं लॉक) मालकाचा मृत्यू कळवतो खरा, पण तोही त्याच मेमरीत आधी मांडावा लागतो. शक्य असेल तिथे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा युनिक्सवरचा मार्ग मला सर्वांत निर्धोक वाटतो: मुख्य प्रोसेसने सगळं मांडायचं आणि मगच फोर्क करायचं, म्हणजे स्वतःच्या प्रती काढून नव्या प्रोसेस सुरू करायच्या. प्रोसेस स्वतंत्रपणे सुरू होत असतील, तर आधी एका फाइलवर फ्लॉक (फाइलचं लॉक) घ्यावा. तो कर्नलकडे असतो, मांडावा लागत नाही. धरणारी मेली की कर्नल तो सोडवतो, पुढची आत येते, झेंडा शून्य बघते आणि मांडणी पहिल्यापासून करते.