पेशीतले धरण

'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाघर आहे.' शाळेत हे वाक्य लिहून आपण सगळ्यांनी एक गुण कमावलेला असतो, आणि बहुतेकांचा तंतुकणिकेशी संबंध तिथेच संपतो. मला विचाराल तर 'ऊर्जाघर' या शब्दाने थोडी दिशाभूलच केली. घर म्हटले की भट्टी, कोळसा, धूर डोळ्यांसमोर येतो. तंतुकणिकेत जे चालते ते भट्टीपेक्षा धरणाच्या जवळचे आहे.

आधी नावाविषयी थोडे. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली हे घटक कधी दोऱ्यासारखे, तर कधी दाण्यांसारखे दिसले. म्हणून १८९८ साली त्याने धागा आणि कण या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून 'मायटोकाँड्रिया' हे नाव ठेवले. आपली 'तंतुकणिका' शब्दशः तेच सांगते. मराठी परिभाषेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हा शब्द तरी सोडून द्यावा.

तंतुकणिकेला दोन पटले असतात. बाहेरचे पटल चाळणीसारखे, लहान रेणूंना मोकळी ये-जा देणारे. आतले मात्र भलतेच कडक. त्यातून साधा प्रोटॉनही ठरावीक वाटेशिवाय पार होत नाही. शिवाय हे पटल जागेच्या मानाने इतके मोठे की साडीच्या निऱ्यांसारखे घड्या घालून बसते. हृदयासारख्या सतत राबणाऱ्या स्नायूत या निऱ्या फार दाट असतात.

आपण खाल्लेल्या भाकरीतले ग्लुकोज पेशीद्रवात अर्धवट तुटते आणि उरलेले काम तंतुकणिकेत होते. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलात रुतलेल्या प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे सरकतात. शेवटी ते ऑक्सिजनच्या ओटीत पडतात आणि पाणी तयार होते. श्वासावाटे घेतलेला बहुतेक ऑक्सिजन या शेवटच्या पायरीवर खर्च होतो. सायनाइड हीच पायरी अडवते, आणि मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरते.

पण इलेक्ट्रॉनच्या या प्रवासातून एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, तयार कसे होते? १९५०च्या दशकात जीवरसायनशास्त्रज्ञ दोन्हींना जोडणारा एखादा ऊर्जासंपन्न रेणू शोधत होते. तो काही सापडेना. १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने म्हटले की असा रेणू नाहीच. साखळीतली प्रथिने प्रोटॉन पंपाने उपसावेत तसे पटलाबाहेर ढकलतात. तिथे त्यांचा साठा होतो आणि ऊर्जा असते ती या साठ्याच्या दाबात. अनेकांना हे पटले नाही. पुढे पोटाच्या अल्सरमुळे मिचेलने एडिंबरा विद्यापीठ सोडले, कॉर्नवॉलमधला एक मोडकळीला आलेला वाडा दुरुस्त करून घेतला आणि त्यातच जेनिफर मॉइल या सहकारी शास्त्रज्ञेबरोबर प्रयोगशाळा थाटली. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिचेलला मिळाले.

हा दाब किती? पटलाच्या दोन बाजूंत जेमतेम ०.१५ व्होल्टचा फरक असतो. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पटलाची जाडी साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे हिशेब मीटरला ३ कोटी व्होल्टवर जातो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला याचा दहावा भाग पुरतो!

साठलेल्या प्रोटॉनना परत आत यायला वाट असते ती एटीपी सिंथेज या प्रथिनातून, आणि हे प्रथिन शब्दशः फिरते. प्रोटॉन आत येताना त्याचे चक्र फिरवतात. दर फेऱ्याला ३ एटीपी तयार होतात. १९९७ साली जपानी संशोधकांनी या प्रथिनाच्या आसाला एक चमकणारा तंतू चिकटवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगरताना प्रत्यक्ष पाहिला. शरीरात एका वेळी फार तर १०० ग्रॅम एटीपी असते, तरी तेच तेच रेणू मोडून-जोडून दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतके एटीपी तयार होते.

दोन पटलांचे कारण फार जुने आहे. तंतुकणिका एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती आणि दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच स्थायिक झाली. तिचा स्वतःचा डीएनए अजून शिल्लक आहे. माणसात त्यात १६,५६९ आधारजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात आणि प्रथिनांचे आराखडे फक्त १३. बाकीची जनुके यथावकाश केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली. उरलेली तेराच्या तेरा प्रथिने आतल्या पटलातली, याच धरणाच्या यंत्रणेतली आहेत. हा डीएनए आपल्याला आईकडून मिळतो, तिला तिच्या आईकडून. सगळा वारसा आजोळचा.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला थंडीत नीट कुडकुडताही येत नाही. त्याच्या खांद्यांच्या मधोमध आणि मानेभोवती तपकिरी चरबी असते. हा रंग तिच्यातल्या खच्चून भरलेल्या, लोहयुक्त तंतुकणिकांचा. तिथल्या आतल्या पटलात एक वेगळे प्रथिन असते, धरणाच्या भिंतीतल्या जादा दरवाजासारखे. गारठा वाढला की तो उघडतो, प्रोटॉन चक्र न फिरवताच आत घुसतात, एटीपी तयार होत नाही, आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाळाच्या अंगात उतरते.