सूर्यग्रहण : शालेय अध्यापन

सूर्यग्रहणाच्या निमित्ताने विज्ञान, भूगोल, गणित, इतिहास व भाषा हे विषय परस्परांना जोडून शिकविण्याची पद्धत. येथे ठाणे व नवी मुंबई परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

विज्ञान व भूगोलात छाया-उपच्छाया (चंद्राची गडद व विरळ सावली) आणि चंद्रकक्षेचा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५° कल (म्हणूनच दर अमावास्येला ग्रहण नाही) हा भाग येतो. गणितात सूर्याचा व्यास व अंतर दोन्ही चंद्राच्या सुमारे ४०० पट, हे गुणोत्तर. ‘ग्रास’ (सूर्यबिंबाचा झाकलेला भाग) व्यासाचा की क्षेत्रफळाचा, हा घोळ मात्र बातम्यांतही आढळतो. निम्मा व्यास झाकला, तरी बिंबाचे क्षेत्रफळ सुमारे ३९ टक्केच झाकलेले असते.

इतिहासाच्या तासाला विजयदुर्ग येतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर यांनी या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे कोकणात सांगतात व तेथील चौथऱ्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. तथापि त्या ग्रहणाच्या वेळी लॉक्यर इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून निरीक्षणे केली. लॉक्यर यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविना सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमची नव्हे, तर नव्या मूलद्रव्याची (हेलियमची), हा निष्कर्ष त्यानंतरचा. लॉक्यर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवर वेगळा केला होता (१८९५). कट्टे या १८९८ च्या मोहिमेचे असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भाषेच्या तासाला पंचांगातील स्पर्श (ग्रहणाचा आरंभ), मध्य, मोक्ष (शेवट) हे शब्द, तसेच ‘दे दान सुटे गिराण’ ही आरोळी. जयद्रथवधाच्या कथेतील सूर्य झाकोळणे हे ग्रहण मानून महाभारतीय युद्धाचा काळ काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते वर्गात प्रमाण म्हणून मांडू नयेत.

निरीक्षणासाठी प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा; एक्स-रे फिल्म वा काजळी लावलेली काच नको. चाळणीच्या छिद्रांतून जमिनीवर पडणाऱ्या चंद्रकोरी लहान वर्गांना पुरतात.

ठाणे सुमारे १९.२° उत्तर अक्षांशावर असून अलीकडची ग्रहणे येथे खंडग्रासच दिसली, आणि तीही शाळेला गैरसोयीची : २६ डिसेंबर २०१९ नाताळच्या सुट्टीत, २१ जून २०२० टाळेबंदीच्या काळातील रविवारी, २५ ऑक्टोबर २०२२ (ग्रस्तास्त, म्हणजे ग्रहण लागलेलेच असताना सूर्यास्त) दिवाळीत. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण सोमवारी दुपारनंतर आहे; तेव्हा पावसाळा असेल.