सीलच्या चरबीचं काय झालं?

भाजी नाही, धान्य नाही. फळं म्हणाल तर उन्हाळ्यातल्या मोजक्या दिवसांत मिळणाऱ्या बेरी. तरीही कॅनडा, अलास्का आणि ग्रीनलंडच्या गोठलेल्या किनाऱ्यांवर इन्युइट लोक शतकानुशतकं नांदले. क जीवनसत्त्व त्यांना मिळे ते मुख्यतः कच्च्या मांसातून आणि ‘मक्तक’मधून, म्हणजे व्हेलच्या चरबीसकट खायच्या कातडीतून. शिजवलं की हे जीवनसत्त्व बरंचसं जातं. युरोपातले खलाशी ज्या कच्च्या खाण्याला नाकं मुरडत, त्यातच त्या खलाशांच्या स्कर्व्हीवरचा, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावरचा, इलाज होता!

पण या आहाराचा खरा आधार चरबी. नुसतं बिनचरबीचं मांस पोटभर खाल्लं तरी माणूस खंगतो, कारण यकृताला ठरावीक मर्यादेपलीकडे प्रथिनं हाताळता येत नाहीत. सील या समुद्री प्राण्याची चरबी ही उणीव भरून काढी. शिवाय ‘कुल्लिक’ या दगडी दिव्यात तीच जळे. उजेड, ऊब आणि बर्फ वितळवून प्यायचं पाणी, सगळं तिच्यावर.

मग फरचे व्यापारी आले. हडसन्स बे कंपनीला हवी होती पांढऱ्या कोल्ह्याची कातडी. सील मारला तर घर जेवतं. कोल्हा मारून मिळतात पीठ, साखर, चहा आणि काडतुसं. हिवाळा सापळ्यांमागे जाऊ लागला आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस फरचे भाव कोसळले. पुढे शाळा, दवाखाने, सरकारी मदत यांच्याभोवती कायमच्या वस्त्या झाल्या, त्याही सगळ्या राजीखुशीने नव्हे. १९५३ साली कॅनडा सरकारने क्विबेक प्रांताच्या उत्तरेकडच्या इनुकजुआक गावची काही कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेऊन सोडली. त्याची माफी मागायला २०१० साल उजाडलं.

दुकानातल्या पिठा-साखरेचा हिशोब शरीराने वेगळाच मांडला. २०१४ साली ग्रीनलंडमध्ये ‘टीबीसी१डी४’ या जनुकाचं एक रूप सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही हे रूप मिळालेल्यांच्या स्नायूंना जेवणानंतर रक्तातली साखर नीट उचलता येत नाही. त्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे दहापट असतो. पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसलेल्या ताटात हा दोष बहुधा जाणवतही नसावा.

आणि जुनं अन्न? १९८०च्या दशकात उत्तर क्विबेकमधल्या इन्युइट मातांचं दूध तपासलं, ते स्वच्छ असणार या अपेक्षेने. त्यात पीसीबी ही औद्योगिक रसायनं दक्षिण क्विबेकमधल्या मातांपेक्षा सुमारे पाचपट निघाली. अशी रसायनं उष्ण प्रदेशांत हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर उत्तरेला जातात, थंडीत खाली बसतात. मग प्लवकातून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून, माशात, माशातून सीलमध्ये, प्रत्येक पायरीवर वाढत. साठतात कुठे? चरबीत.

डॉक्टरांपुढे पेच होता. सील सोडा म्हणावं, तर त्याची जागा घेणार पांढरा पाव आणि बाटलीतली गोड पेयं. म्हणून बहुतेक ठिकाणी सल्ला राहिला तो निवडून खाण्याचा. शीला वॉट-क्लूटिए यांच्यासारख्या इन्युइट नेत्यांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत लावून धरला. अशा रसायनांना आळा घालणाऱ्या २००१च्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख आहे. भारतानेही २००६ साली या कराराला मान्यता दिली. रोगवाहक कीटकांविरुद्ध डीडीटी वापरण्याची सवलत मात्र राखून ठेवली.