जाहिरातदर (ऑनलाइन) आणि संकेतस्थळाचे उत्पन्न

संकेतस्थळावरील जाहिरातीची जागा बहुतेक वेळा लिलावाने विकली जाते. वाचकाने पान उघडले की ते पुरते दिसण्याआधीच जाहिरातदारांच्या वतीने यंत्रे बोली लावून मोकळी होतात. वाशीच्या एपीएमसीतला व्यवहार डोळ्यांपुढे आणावा: माल एकाचा, भाव गिऱ्हाइकाचा आणि मध्ये अडत. कांदा निदान उद्यापर्यंत टिकतो. जाहिरातीची न विकलेली जागा त्याच क्षणी वाया जाते.

उत्पन्नाचे मुख्य माप म्हणजे आरपीएम, हजार पानदर्शनांमागे मिळणारी रक्कम. पानावर जाहिरातीच्या जागा किती, त्यांतल्या किती भरल्या (फिल रेट) आणि भरलेल्या जागेला दर हजारी भाव काय मिळाला, या तिन्हींचा गुणाकार केला की आरपीएम येतो. हिशेबापुरते आकडे घेऊ: ३ जागा, ९० टक्के भरणा आणि २० रुपये भाव असेल तर आरपीएम ५४ रुपये, महिन्याला १ लाख पानदर्शनांचे ५,४०० रुपये. भाव १४ रुपयांवर आला की हेच उत्पन्न ३,७८० होते. अशा वेळी हमखास चौथी जागा घातली जाते. कागदावर तिने आरपीएम ५० च्या पुढे जातो. प्रत्यक्षात पान जड होते आणि खालच्या जाहिराती कोणाच्या नजरेस पडत नाहीत. जाहिरातीचा निम्मा भाग किमान १ सेकंद पडद्यावर राहिला तरच ती ‘दिसली’ असे धरण्याचा प्रघात असल्याने बोलीही उतरतात. भरणा ८० टक्के आणि भाव ११ रुपये झाला, तर चार जागांनिशी आरपीएम ३५ रुपये, म्हणजे तीन जागांपेक्षाही कमी.

उलट, आरपीएम घसरला म्हणजे भाव पडलाच असे नाही. रविवारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला, की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून त्या बातमीची लिंक फिरते. वाचक वेळ बघतो आणि निघून जातो. वरच्या हिशेबात अशी ६० हजार पानदर्शने २० रुपयांच्या आरपीएमने वाढली, तर एकूण उत्पन्न ६,६०० होते, पण सरासरी आरपीएम ४१ वर येतो. घोडबंदर रोडवरील फ्लॅट, गृहकर्ज किंवा सिडकोची सोडत शोधत आलेला वाचक संख्येने थोडा, पण बिल्डर आणि बँका त्याच्यासाठी चढी बोली लावतात. म्हणून सरासरीवर विसंबू नये. पान, देश, उपकरण आणि वाचक कुठून आला, यांनुसार अहवाल वेगळे काढून मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडावेत. मांडणी बदलायची ती यानंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट. नाहीतर घसरण कशाने झाली हे कधीच कळत नाही.

भाव बदलण्यामागे हंगाम असतो. दिवाळीच्या आधी बोली चढतात, जानेवारीत उतरतात. २०२० च्या टाळेबंदीत बातम्यांचे वाचक वाढले, पण जाहिरातदारांनी खर्च आवरला, शिवाय ‘कोरोना’ शब्द असलेली पाने अनेकांनी वगळली. गर्दी वाढूनही भाव पडले. सफारी ब्राउझरने त्याच वर्षी मार्चपासून तृतीय-पक्ष कुकीज (इतर कंपन्यांनी वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणा) पूर्ण रोखल्या. वाचक ओळखता येत नाही म्हटल्यावर त्याच्यासाठी बोलीही हात राखूनच लागते.

लिलावाचे नियम बदलले की परिणाम उशिरा उमगतो. पूर्वी ४० आणि ३० च्या बोलींत जिंकणारा ३० च्या किंचित वर पैसे देई. गुगल अ‍ॅड मॅनेजरने (मोठ्या संकेतस्थळांची जागा विकणारी गुगलची व्यवस्था) २०१९ मध्ये आणि अ‍ॅडसेन्सने (छोट्यांसाठीची तशीच व्यवस्था) २०२१ च्या अखेरीस पहिल्या बोलीची पद्धत आणली; आता ४० लावले तर ४० द्यावे लागतात. जाहिरातदार अर्थात आधीच हात आखडून बोली लावू लागले. संकेतस्थळाने ठरवलेल्या किमान भावाचे कामही पालटले. पूर्वी ३५ चा किमान भाव ठेवला तर ३० ऐवजी ३५ मिळत. आता तो केवळ उंबरठा आहे, अवाजवी ठेवला तर जागा रिकामी राहते.

अ‍ॅडसेन्सने २०२४ च्या सुरुवातीला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे द्यायला सुरुवात केली आणि प्रकाशकाचा वाटा ६८ ऐवजी ८० टक्के म्हणून दाखवला. हा ८० टक्के वाटा खरेदीच्या बाजूची अडत वजा केल्यानंतरचा आहे. जाहिरातदाराच्या १०० रुपयांतून त्याच्या वतीने खरेदी करणाऱ्या गुगल अ‍ॅड्सचे सरासरी १५ गेले, उरलेल्या ८५ चे ८० टक्के म्हणजे पुन्हा ६८. ही वाढ समजणाऱ्यांची निराशा झाली ती या गणितामुळेच.

छोट्या संकेतस्थळाला पडत्या भावाचा खरा चिमटा बसतो तो रोखीत. अ‍ॅडसेन्सची रक्कम १०० डॉलर जमल्यावरच, पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघते. अवैध क्लिकची वजावट झाल्याने अंदाजी आकडा आणि हातातली रक्कम जुळत नाही, शिवाय डॉलर बदलताना बँकेचा आकार जातो. भाव तिसऱ्या हिश्श्याने उतरला, की दोन महिन्यांत भरणारा उंबरठा तीन महिन्यांवर जातो, आणि होस्टिंगचे बिल काही थांबत नाही.

यावर थेट जाहिरात हा बऱ्यापैकी उतारा आहे: जूनमध्ये क्लासेस, दिवाळीत मिठाईवाले, पाडव्याला सराफ. ठरावीक मासिक रकमेला लिलावाची झळ लागत नाही. मात्र पैसे आगाऊ घ्यावेत, ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे आणि दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ खूण लावावी. ती नसेल तर गुगल असा दुवा विकत दिलेला समजते आणि शोधातले स्थान घसरू शकते.