मत्स्यालयाचा खालच्या मजल्यावरील सम्प

मत्स्यालयाचा खालच्या मजल्यावरील सम्प : घरातील मोठ्या मत्स्यालयाची गाळणयंत्रणा टाकीखालच्या कपाटात न बसवता तळघरात किंवा खालच्या खोलीत बसवण्याची पद्धत. वरच्या टाकीतले पाणी सांडव्यावरून ओसंडते, पाइपाने खाली उतरते, सम्पमध्ये, म्हणजे गाळणयंत्रणा असलेल्या खालच्या टाकीत, गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढवले जाते. इमारतीचा जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरची टाकी यांच्यासारखीच ही रचना आहे. मात्र तिथला पंप दिवसातून थोडा वेळ चालतो, इथला अहोरात्र.

स्वतंत्र घराखाली तळघर असण्याची रीत असलेल्या अमेरिका व कॅनडात, मुख्यतः प्रवाळ पाळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये, ही पद्धत रुळली आहे. प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातला सेंद्रिय कचरा काढणाऱ्या यंत्राची) घरघर, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, मिठाची पिंपे हे सगळे दिवाणखान्यातून हलते. सम्पही ऐसपैस ठेवता येतो आणि एकूण पाणी वाढल्याने तापमान व क्षारता सावकाश बदलतात. बाष्पीभवन मात्र थांबत नाही, ते तळघरात जाते. तिथे हवा खेळती नसेल तर भिंतींना बुरशी धरते.

पाणी खाली येतेच आहे, तर तेवढेच वर ढकलायला फारसा जोर लागणार नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सांडव्यापाशी आणि सम्पमध्ये पाण्याचा पृष्ठभाग उघडा असतो, त्यामुळे उतरत्या पाण्याची ऊर्जा पाइपात व व्हॉल्व्हमध्येच विरते. पंपाला दोन्ही पातळ्यांमधले पूर्ण अंतर, म्हणजे पूर्ण हेड, उचलावे लागते. तासाला ४,००० लिटर पाणी ४ मीटर चढवायला नुसत्या हिशेबाने सुमारे ४४ वॅट लागतात, पण लहान पंपांची कार्यक्षमता पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास धरली तर प्रत्यक्षात दीडशे वॅट किंवा त्याहून थोडे जास्त. दिवसाला साडेतीन युनिटांच्या वर. पंपाच्या खोक्यावर ठळक छापलेला प्रवाह शून्य हेडचा असतो. कमाल हेड साडेचार मीटर असलेला पंप चार मीटरवर जेमतेम धार सोडतो. म्हणून खरेदीपूर्वी हेड आणि प्रवाह यांचा आलेख पाहावा. सम्पमधून तासाला टाकीच्या तीन-चार पट पाणी फिरले तरी सहसा पुरते. प्रवाळांना हवा असलेला जोराचा प्रवाह टाकीतच बसवलेल्या वेव्हमेकरने, म्हणजे पाणी घुसळणाऱ्या छोट्या पंपाने, मिळवणे कितीतरी स्वस्त पडते. चढता पाइप जाड घेणे हा दुसरा उपाय. प्रवाह तोच ठेवून आतला व्यास २५ ऐवजी ३२ मिमी केला, तर घर्षणाने वाया जाणारे हेड एक-तृतीयांशाच्याही खाली येते.

उतरता पाइप अधिक त्रासदायक. हवा आणि पाणी मिसळून एक अख्खा मजला खाली कोसळू लागले की भिंतीतून गुळगुळ ऐकू येते आणि सम्पमध्ये फेस होतो. रिचर्ड डर्सो यांच्या नावाने ओळखला जाणारा, वर हवेचे छिद्र असलेला उभा पाइप कपाटाच्या उंचीला ठीक चालतो. मजल्याच्या उंचीला त्याचा आवाज वाढतो. त्याऐवजी पाइप पाण्याने पूर्ण भरलेला, म्हणजे पूर्ण सायफनवर, चालवला तर तो जवळपास मुका होतो. ‘बीनॲनिमल’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत तीन पाइप असतात. एक पूर्ण सायफनवर चालतो, दुसऱ्यातून उरलेली बारीक धार वाहते आणि तिसरा अडचणीच्या वेळेसाठी कोरडा राहतो. सायफनचा प्रवाह जुळवणारा गेट व्हॉल्व्ह वर नव्हे, खाली सम्पजवळ बसवावा. तो वर बसवला तर त्याच्याखालच्या लांब पाइपात दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि एखाद्या सैल सांध्यातूनही हवा आत ओढली जाते. सायफनचे तोंड सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावे, नाहीतर पंप सुरू होताना अडकलेली हवा बाहेर पडत नाही. आडवा पाइप टाळावा. टळत नसेल तर त्याला सम्पच्या दिशेने सलग उतार द्यावा. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा पितळी गेट व्हॉल्व्ह इथे अजिबात चालत नाही, कारण पितळेतले तांबे प्रवाळ, गोगलगाई आणि कोळंबीला विषारी ठरते.

या यंत्रणेची खरी परीक्षा वीज जाते तेव्हा होते, आणि भारनियमनाची सवय असलेल्या महाराष्ट्रात ते सांगायला नको. पंप थांबला की वरची टाकी सांडव्याच्या काठापर्यंत रिकामी होते. १५० × ६० सेंमी टाकीत पातळी ३ सेंमी उतरली तरी २७ लिटर पाणी खाली येते. त्यात पाइपांमधले पाणी मिळवायचे : आतला व्यास २५ मिमी असेल तर मीटरला साधारण अर्धा लिटर. पण चढत्या पाइपाचे तोंड पाण्याखाली १५ सेंमी असेल, तर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि १३५ लिटर खाली ओततो. त्यामुळे तोंड पृष्ठभागालगत ठेवतात किंवा पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला छिद्र पाडतात, आणि ते शेवाळाने बुजू नये म्हणून मधूनमधून साफ करतात. पाणी उलटे वाहू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असला तरी त्याच्या भरवशावर राहू नये. चुन्याचा थर किंवा एखादी गोगलगाय त्याची झडप उघडी ठेवायला पुरेशी असते. सम्पमध्ये एवढे सगळे पाणी मावेल इतकी जागा कायम रिकामी हवी. उलट प्रसंगही गृहीत धरावा. उतरते पाइप तुंबले तर पंप आपल्या कप्प्यातले सगळे पाणी वर चढवतो, म्हणून तो कप्पा लहान असावा, वरच्या टाकीत सहज मावेल एवढाच. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंपाऐवजी वेव्हमेकर जोडणे शहाणपणाचे. मोजक्या वॅटमध्ये पृष्ठभाग हलता राहतो आणि माशांना प्राणवायू मिळतो.

महाराष्ट्रात ही रचना बंगला, रो-हाउस किंवा डुप्लेक्समध्येच शक्य आहे. फ्लॅटमध्ये खालचा मजला शेजाऱ्याचा असतो. तीनशे लिटरच्या आतल्या टाकीसाठी तर हा खटाटोप करूच नये, कपाटातला सम्प पुरेसा आहे. स्लॅबला भोक पाडायचे तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून, बीम टाळून, कोअर कटिंगने, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या यंत्राने, पाडावे. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड सळयांना गंजवते, म्हणून भोकात आधी स्लीव्ह (अस्तरासारखी नळी) बसवून कडा जलरोधक करतात आणि मगच पाइप घालतात. बजेटमुळे सुरुवातीला एकच उतरता पाइप टाकायचा असला, तरी भोके मात्र सगळ्या पाइपांची एकदमच पाडून घ्यावीत. भरलेल्या टाकीशेजारी पुन्हा कोअर मशीन लावायला कोणी धजत नाही.